बारदानाचं माप

मास्तर, आमच्या धुळ्याच्या बाजारात सध्या जुनी वजनं गोळा करताहेत. शेर, मण, रत्तल सगळं सरकारने मोडीत काढलं, आता किलो. ज्याच्या दुकानात, वखारीत, घरात जुनं लोखंड असेल त्याने ते कचेरीत नेऊन टाकायचं. मी या बाजारातला जुना तोलार, वीस वर्षं काट्यापाशी उभा आहे, तेव्हा सगळ्यांच्या आधी मीच टाकायला हवं होतं. टाकलंही, एक सोडून. दोन रत्तलांचं ते बारीक माप, ज्याच्या कडीला माझ्या वडिलांनी, आबांनी, निळी सुतळी बांधली होती, ते आत्ता माझ्यासमोर खिडकीत पडलंय. बायको म्हणते, लोखंडाची पूजा मांडलीय का? उद्या शेवटचा दिवस आहे. टाकण्याआधी तुम्हाला चार शब्द सुनावायचे आहेत. तुम्ही मेलात त्याला इतकी वर्षं झाली, म्हणून काय झालं? जिवंत होतात तेव्हा तरी माझं कुठे ऐकून घेतलंत?

तुम्हाला मराठी वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. बोलायचात ती अर्धी हिंदुस्थानी आणि अर्धी आमच्या कापसाच्या जिनातल्या हमालांकडून उचललेली अहिराणी, आणि कुठल्याही वाक्याच्या शेवटी एक ‘शे’, म्हणजे ‘आहे’, ठोकून द्यायचात. पाणी शे. गाडी शे. कापूस खराब शे. जळगावच्या त्या गासड्या दाबायच्या प्रेसमध्ये तुमच्या जपानातली कंपनी रुई घ्यायची, आणि तिच्यातर्फे रुई पारखायला तुम्ही आला होता. आम्हाला वाटलं होतं, साहेब म्हणजे उंचापुरा, टोपीवाला असेल. उतरला कोण, तर माझ्या खांद्याला लागेल एवढा माणूस, नाक बसलेलं, डावा डोळा दुधासारखा पांढरा. सरकी वेचणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. तुम्ही चिमूटभर रुई घेतलीत, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढलीत आणि धाग्याची लांबी सांगितलीत. दलालाने पट्टी लावून बघितली. तंतोतंत. मग कोणी हसलं नाही. तुमची बोटं मात्र मी त्या दिवशीच बघून ठेवली. एकही सरळ नव्हतं. मी तेव्हा एकवीस वर्षांचा, गासड्यांना लोखंडी पट्ट्या मारायच्या कामावर होतो. असल्या वाकड्या बोटांना इतकं बारीक कसं कळतं, हेच मला कळेना.

ती बोटं कशाने वाकली ते कळायला लागलं पुढच्या महिन्यापासून. एका हमालाशी माझी जुंपली, तो माझ्या दीडपट, आणि मी त्याचा एकही फटका अंगाला लागू दिला नाही. तुम्ही ओसरीत चहा पीत बघत होतात. भांडण सोडवायला कोणी आलं तर त्यालाच हात करून थांबवत होतात! संपल्यावर मला बोलावलंत आणि माझे पाय बघितलेत. हात नाही, पाय. म्हणालात, “पाय चांगला शे.” आयुष्यात मला कोणी चांगलं म्हटलेलं ते पहिलंच. त्या एका शब्दावर मी तीन वर्षं तुमच्यामागे फिरलो, मास्तर. कुत्रंसुद्धा भाकरीच्या तुकड्यासाठी फिरतं, मी नुसत्या शब्दासाठी फिरलो.

तुमची हकिकत मला तुकड्यातुकड्यांनी समजली, बहुतेक तुम्ही माझ्या पोटऱ्यांना कापराचं तेल चोळायचात तेव्हा. ओसाकाच्या सूतगिरणीत काम करत होतात. सोळाव्या वर्षी गिरणीच्या आवारात एका मास्तराने तुम्हाला बॉक्सिंगला उभं केलं. तिकडे वजनाप्रमाणे गट असतात, आणि सगळ्यात हलक्याला माशी म्हणतात. तुम्ही आधी माशी होता. वय वाढलं, हाडं भरली, मग एक पायरी वर, कोंबड्याच्या गटात. मीही आता माशीच, हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “मना सोनासारखा पोऱ्याले माशी म्हणतस?” आणि दोन दिवस तुमच्या नावाने बोटं मोडत राहिली. तुम्ही कोबेला लढलात, शांघायला लढलात. एका बंदरावर तर लढत संपल्यावर लोकांनी तुम्हाला खांद्यावर घेऊन गोदीपर्यंत नेलं होतं. आणि मग मनिला. तिथल्या एका लाडक्या गड्याशी पट्ट्यासाठी लढत ठरली होती. जिंकलात की सगळ्या पूर्वेत तुमच्या वजनाचा पहिला माणूस तुम्हीच. वजनाच्या दिवशी तुम्ही एक रत्तल जास्त भरलात.

तेव्हा माझ्या पोटरीवरचा तुमचा हात थांबला होता. मी विचारलं, मग? तुम्ही म्हणालात, आदल्या दिवशी एक वाडगा भात खाल्ला होता. तुमच्या मास्तराने विचारलं, खाल्लंस का? तुम्ही नाही म्हणालात. तो पुन्हा तुमच्याशी मरेपर्यंत बोलला नाही. त्यानंतरही तुम्ही पाच-सहा वर्षं लढलात, पण कोणाच्यातरी समोर उभा करायचा माणूस म्हणून. दुसऱ्यांची नावं मोठी करायला तुम्ही मार खाल्लात, आणि त्यातच तो डोळा गेला. कंपनीतल्या एका साहेबाला तुमच्या जुन्या लढती आठवत होत्या, त्याने रुईवर लावलं. एवढी तुमची कारकीर्द, आणि ती तुम्ही माझ्या पोटरीवर तेल जिरवता जिरवता सांगून टाकलीत. मला रडू आलं होतं. आता वाटतं, कशाला आलं?

मी तुमचा माशी. हद्द एकशेबारा रत्तल, म्हणजे तुमचे पौंड. आणि गंमत बघा, प्रेसमध्ये गासड्या तोलायचं जे मोठं लोखंडी वजन असायचं, ज्याला आम्ही हंडरवेट म्हणायचो, तेही बरोब्बर एकशेबारा रत्तल. तुम्हाला हे कळलं तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. त्या वजनाला लाथ मारून मला म्हणालात, “तुझा भाऊ शे.” तेव्हापासून रोज सकाळी, मी नशिराबादपर्यंत पळून परत आलो की, काट्याच्या एका पारड्यात मी आणि दुसऱ्यात माझा भाऊ. काटा आबांच्या ताब्यात. माझे वडील त्या प्रेसमध्ये तीस वर्षं तोलार होते. धरणगावापासून जामनेरपर्यंतचे शेतकरी त्यांचा काटा म्हणजे देवाचा काटा मानायचे. पारड्याला गाडीचं ओंगण आणि तेल लागलेलं असायचं, म्हणून आबा माझ्याखाली एक तागाचं पोतं घालायचे. पोत्याचं वजन दोन रत्तल. तेव्हा समोरच्या पारड्यात हंडरवेटच्या शेजारी निळ्या सुतळीचं हे बारीक माप जायचं. त्याला आम्ही बारदानाचं माप म्हणतो, कारण माल ज्यात भरला त्या पोत्याचं वजन मालात धरायचं नसतं. मग आबा काट्याची जीभ बघायचे आणि मोठ्याने म्हणायचे, “लाभ!” पहिल्या वजनाला आमचे तोलार एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. तुम्हाला ते फार आवडलं होतं. तुम्हाला वाटायचं, लाभ म्हणजे शाबास.

घरात मात्र माझे हाल होते. आमच्याकडे तालमीत जाणारा पोऱ्या म्हणजे घरात तूप, दूध, बदाम. चार घरं त्याला बोलावून खाऊ घालतात. आणि मी बॉक्सिंगवाला, तर अर्धी भाकर, बिनमिठाची डाळ, शेवटच्या आठवड्यात पाणीसुद्धा मोजून. आई कपाळाला हात लावायची. “पहिलवान व्हवानं नी उपाशी मरानं, हाई कोणतं शास्तर शे?” आबा म्हणायचे, साहेब सांगतात तर असेल काहीतरी. ती म्हणायची, साहेबाले लेकरू शे का? शेजारची म्हातारी तर दूध घेऊनच आली एकदा, मला क्षय झालाय असं समजून. मी हसून सोडून द्यायचो. पण भूक, मास्तर! चुलीवरची भाकरी उलटताना जो वास सुटतो तो तुमच्या ओसाकात सुटत नसेल. मी घराबाहेर निंबाखाली बसून राहायचो, जेवणं आटोपेपर्यंत.

आणि मग मुंबईची लढत ठरली. सिंगापूरचा, लढती भरवणारा एक कंत्राटदार येणार होता. माझ्या गटात जो जिंकेल त्याला घेऊन तो रंगून, सिंगापूर आणि मनिला करणार होता. मनिलाचं नाव तुम्ही उच्चारलंत तेव्हा तुमचा चांगला डोळाही पांढरा पडल्यासारखा वाटला. माझ्यासाठी तुम्ही पेटीतले तुमचे ग्लोव्हज काढलेत. तपकिरी, तळव्याला ठिगळ, आत तुमच्या भाषेत काहीतरी लिहिलेलं. “हे आता तुझं शे,” म्हणालात. मी ते उशाशी घेऊन झोपायचो. लग्नातल्या अंगठीलाही मी पुढे इतकं जपलं नाही, हे बायकोने वाचू नये म्हणजे झालं.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळी शेवटचं वजन केलं. हंगाम जोरात होता, आवारात गाड्यांची रांग लागली होती, आबांना फुरसत नव्हती. शेतकऱ्यांना थांबवून त्यांनी मला पारड्यात घेतलं. लंगोटावर मी मांडी घालून बसलो होतो. तुम्ही समोर उभे होतात. आबांनी माझा भाऊ उचलून ठेवला, त्याच्याशेजारी निळ्या सुतळीचं माप ठेवलं, काट्याची जीभ दोनदा हलली आणि मधोमध थांबली. “लाभ!” आबा एवढ्या जोराने ओरडले की गाडीवानांनी माना वळवल्या. तुम्ही वाकून आबांना नमस्कार केलात. तुमच्या देशातला, कमरेतून. आबा ओशाळले. मी खाली बघत होतो.

मुंबईला दुसऱ्या दिवशी पोचलो. लढतीच्या हॉलमागे एक खोली होती, तिथे सरकत्या वजनाचा काटा. मी चढलो. पंचाने ते वजन पुढे सरकवलं, अजून पुढे सरकवलं. एकशेचौदा. तुम्ही म्हणालात, पुन्हा. एकशेचौदा. त्या खोलीत दहा-बारा माणसं असतील, सगळी आकडा बघायला पुढे सरकली. तुम्ही माझ्याजवळ आलात, चांगला डोळा माझ्या तोंडापाशी आणलात आणि विचारलंत, “खाना शे?” मी म्हणालो, नाही. पुन्हा विचारलंत, “खाना शे?” मी म्हणालो, “आईची शपथ, नाही.” एक तासाची मुदत मिळाली. मार्च महिन्यातल्या मुंबईच्या उकाड्यात मला घोंगडीत गुंडाळून दोरीवर उड्या मारायला लावलंत. चिंच चोखायला दिलीत आणि थुंक म्हणालात. थुंकी येईना. तास संपला तेव्हा एकशेतेरा. कंत्राटदाराने घड्याळ बघितलं आणि मान हलवली.

तिथे गोदीत काम करणारा एक गोवेकर आला होता, लढत बघायला. त्याला काट्यावर चढवलं, भरला एकशेअकरा. त्याच्याकडे ग्लोव्हज नव्हते. माझे मात्र मी अजून आशेने हातांत बांधून घेतले होते. तुम्ही माझ्या हातातले ग्लोव्हज काढून घेतलेत, एकेक बंद स्वतःच्या दातांनी सोडवून, आणि त्याच्या हातात चढवलेत! मास्तर, मारलं असतंत तर मी विसरलो असतो. सगळ्यांसमोर कानाखाली आवाज काढला असतात तरी चाललं असतं. पण ते बंद तुम्ही किती सावकाश सोडवलेत, ते मी अजून विसरलेलो नाही. गोवेकर चौथ्या फेरीत जिंकला. आठवड्याने तो जहाजावर चढला, माझे ग्लोव्हज घेऊन. तीन वर्षांत नशिराबादचा रस्ता मी झिजवला, आणि लढलो किती? एकही फेरी नाही. घंटासुद्धा ऐकली ती दुसऱ्याची.

परतीच्या गाडीत तुम्ही खिडकीपाशी बसला होता. कल्याणपासून जळगावपर्यंत एक अक्षर नाही. जळगावला उतरताना मात्र बोललात. “हात चांगला शे. पाय चांगला शे. तोंड खराब शे.” आणि चालायला लागलात. तोंड खराब! खाणारं तोंड की खोटं बोलणारं, की दोन्ही, ते तुम्हीच जाणे. प्रेसमध्ये आठ दिवसांत मला नाव पडलं, दोन रत्तल. ए दोन रत्तल, पट्टी आण. दोन रत्तल, डबा उघडू का? बाया, हमाल, गाडीवान, ज्याला त्याला गंमत. तुम्ही ओसरीत चहा पीत हे ऐकत होतात. एकदासुद्धा कोणाला गप्प बस म्हणाला नाहीत.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी तुम्हाला वीस वर्षं शिव्या घातल्या. आबांना हे पटेना. ते म्हणायचे, “तीस साल तोली ऱ्हायनू, मना हात नही चुकस. त्यास्ना काटा खोटा शे.” एक दिवस दुपारी आवार रिकामं होतं तेव्हा त्यांनी मला पुन्हा पारड्यात बसवलं. पोतं घातलं. हंडरवेट ठेवलं. निळ्या सुतळीचं माप उचललं आणि त्यांचा हात हवेतच राहिला. माझ्याखालच्या पोत्याकडे बघितलं, हातातल्या मापाकडे बघितलं. मग हळूच विचारलं, “त्या दिन बारदान कोठे व्हतं?” मी म्हणालो, “मास्तरांकडे. ग्लोव्हज आणि बूट बांधायला नेलं होतं.” आबा शेजारच्या गासडीवर बसले. त्या सकाळी माझ्याखाली पोतं नव्हतंच. आणि आबांच्या हाताने मात्र, तीस वर्षांच्या सवयीने, बारदानाचं माप टाकलं होतं. मी होतो एकशेचौदा, आणि काटा म्हणाला लाभ.

बारदान तुमच्याच काखेत होतं, मास्तर! तुम्ही ते घडी करून काखेत मारून काट्यासमोर उभे होतात. मुंबईहून येताना रिकामं झालेलं तेच पोतं मांडीवर घेऊन बसला होतात. रुईचा धागा चिमटीत धरून लांबी सांगणारा माणूस, त्याला काखेतलं दोन रत्तलांचं पोतं कळलं नाही? एकदा, फक्त एकदा काट्यापाशी येऊन बघितलं असतंत! पण तुम्हाला बघायचंच नव्हतं. तुम्हाला मनिलाचा वाडगा आठवत होता. तुमच्या मास्तराने तुम्हाला जी शिक्षा दिली ती तुम्ही पंधरा वर्षं सांभाळून ठेवली होती, आणि माझ्या गळ्यात घालून मोकळे झालात.

आबा त्याच पावली तुमच्याकडे निघाले होते, कबूल करायला. मीच अडवलं. म्हणालो, आबा, गावोगाव कळलं की तुमचा हात चुकतो, तर कोण तुमच्या काट्यावर माल घालेल? जे झालं ते झालं, मला म्हणू देत दोन रत्तल. आबांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांचा बाप. पण त्यांचा हात काही पुन्हा काट्यावर ठरला नाही. एकेक वजन तीन-तीनदा उचलून बघायचे, शेतकरी खोळंबायचे. महिन्याभरात स्वतःच मॅनेजरला सांगून फाटकावर राखणदार झाले. ज्या माणसाने लाभ म्हटल्याशिवाय हंगाम सुरू होत नव्हता, तो गाड्यांचे आकडे फळ्यावर खडूने लिहू लागला. मला ते बघवेना. मी धुळ्याला निघून आलो, इथे तोलार झालो. आबांचा काटा आबांना पेलेना म्हणून मी धरला, असं मी लोकांना सांगतो. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.

तुम्ही त्यानंतरही दोन वर्षं जळगावात होता. मी आलो नाही, तुम्ही बोलावलं नाही. मग लढाईत तुमचा देश उतरला आणि इथल्या सगळ्या जपानी माणसांना धरून न्यायला लागले. तुम्हाला न्यायला पोलिसांची मोटार आली तेव्हा फाटकावर आबा होते. दिवाळीनंतरच्या थंडीत तुमच्या अंगात तो एकच पातळ कोट होता, असं आबा सांगायचे. आबांनी फाटक उघडलं नाही. आधी तुमचा हात धरला. म्हणाले, “साहेब, चूक मनी व्हती. पोऱ्यानी नही. बारदान नव्हतं आणि मी माप टाकं.” हे सांगताना आबा प्रत्येक वेळी रडायचे. आणि तुम्ही आबांच्या हातावर थोपटलंत, आणि म्हणालात, “त्याले माहीत शे.” बस, एवढंच. मोटार गेली. राजपुतान्यातल्या कुठल्याशा छावणीत तुम्हाला ठेवलं होतं. लढाई संपल्यावर प्रेसच्या कारकुनाला कंपनीचं पत्र आलं, त्यात एका ओळीत होतं की दुसऱ्याच उन्हाळ्यात तुम्ही तापाने गेलात.

आबा मला भेटले की विचारायचे. “साहेब असं का बोलना? काय माहीत शे तुले?” मी म्हणायचो, काय की, आबा. जपानी माणूस, काहीतरी बोलला. पाच-सहा वेळा तरी विचारलं असेल. शेवटच्या आजारातही विचारलं. उशाखालून हे निळ्या सुतळीचं माप काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “मना हातनी चूक शे ही. तू ठेव.” मी म्हणालो, आबा, मी कधीच तुम्हाला दोष दिला नाही. ते शांत झाले. दोन दिवसांनी गेले.

तर मास्तर, इतकं सुनावून झालं. लिहायला बसलो तेव्हा हे पत्र कुठे टाकायचं याचा विचार केला नव्हता, आणि आता टाकायचंही नाही. चुलीत जाईल. पण तुम्ही फाटकावर जे बोललात ते बरोबर होतं, हे निदान एकदा कागदावर येऊ दे.

त्या सकाळी पारड्यात बसलो तेव्हा खाली गार लोखंड लागलं. रोज पोत्याचा ताग मांड्यांना टोचायचा, त्या दिवशी टोचला नाही. मला तिथल्या तिथे कळलं. आबांचा हात निळ्या सुतळीकडे गेला, तोही मी बघितला. आबा, बारदान नही शे, एवढे चार शब्द. तोलाराच्या पोराला ते झोपेतही म्हणता आले असते. तुम्ही समोरून माझ्याकडे बघत होतात, आणि मी मान खाली घातली. तेव्हा नसेल कळलं तुम्हाला. गाडीत, ते पोतं मांडीवर घेऊन बसल्यावर कळलं असणार. एका रात्रीत आणि प्रवासात माणसाचं दीड-दोन रत्तल आपोआप उतरतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. नुसता उपाशी राहिलो असतो तरी मुंबईत एकशेबारा भरलो असतो.

त्याच संध्याकाळी आईने विचारलं, “काटा बरोबर लागना ना? मंग आते खाय ले.” मी हो म्हणालो आणि कळण्याच्या दोन भाकरी खाल्ल्या, लोण्याशी.